सील स्वस्त, वाट महाग

जुना ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली असतात. "तसा चालूच आहे" हे एक आणि "थोडंसंच काम आहे" हे दुसरं. दोन्ही खोटी असतात असं मुळीच नाही. ट्रॅक्टर तसा चालू असतो आणि काम खरोखर थोडंसं असू शकतं. प्रश्न एवढाच की ते थोडंसं काम आहे कुठे? डायनॅमोचा पट्टा तुटला तर दोन बोल्ट ढिले करायचे, नवा चढवायचा, हात पुसायचे. साधारण त्याच किमतीचं एक रबरी ऑइल सील फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, मागे बसलेलं असतं, आणि ते बदलायचं तर ट्रॅक्टर मधून तोडून त्याचे दोन भाग करावे लागतात.

तोडावा लागतो, कारण बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना ट्रकसारखी चासी नसतेच. इंजिन, त्यामागे क्लचचं हाउसिंग, मग गिअरबॉक्स, मग मागचा धुरा, हे सगळे बिडाचे डबे एकमेकांना बोल्टनी जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. १९१७ च्या फोर्डसनने ही रचना मोठ्या प्रमाणावर रुळवली. स्वस्त, आटोपशीर, भक्कम. फक्त मणक्याच्या आत शिरायचं म्हणजे कणाच सोडवायचा.

म्हणून जुन्या ट्रॅक्टरातले दोष मोजण्यात अर्थ नसतो. ते किती खोल आहेत हे बघायचं. बाहेरचे बारा दोष परवडतात, आतला एक जड जातो. आपल्याकडे म्हण आहेच, पाण्यात म्हैस, बाहेर मोल. म्हशीची निदान शिंगं तरी वर दिसतात.

सुदैवाने ट्रॅक्टरचीही दिसतात. क्लच हाउसिंगच्या तळाला एक छोटं भोक असतं आणि पुष्कळ ट्रॅक्टरांत त्यात एक कॉटर पिन सैल लटकत असते. ही पिन काही धरून ठेवत नाही. चिखलाने भोक बुजू नये म्हणून ती नुसती हलत राहते. वाकून तिच्याकडे बघा. कोरडी असेल तर उत्तम. थेंब लोंबत असेल तर तो बोटावर घ्या. काळं, पातळ तेल असेल तर ते इंजिनचं, म्हणजे क्रँकचं (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलेलं. दाट आणि उग्र वासाचं असेल तर ते गिअरबॉक्सचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील. दोन्हीकडे जायची वाट एकच. शिवाय हे तेल क्लच प्लेटवर उडत असणार. क्लचची परीक्षा सोपी आहे: वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक दाबून धरा आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. क्लच पूर्ण सोडल्यावरही इंजिन निवांत फिरत राहिलं तर ती घसरते आहे.

ट्रॅक्टर तोडायचं काम अवघड नाही, जड आहे. वायरी, डिझेलचे पाइप, स्टिअरिंगचा दांडा सुटे करायचे. दोन्ही भागांखाली पक्के आधार लावायचे. आणि ज्याचा विसर पडला तर जीव जाऊ शकतो ते म्हणजे पुढच्या धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या. पुढचा धुरा मधल्या एकाच पिनवर झुलतो. मागचा भाग सुटला की इंजिनला कलंडण्यापासून अडवणारं दुसरं काही उरत नाही. एवढं करून आत पोचल्यावर नुसतं सील बदलून परत येणं हा शुद्ध उधळेपणा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग, सगळं त्याच फेरीत करून घ्यायचं.

फ्लायव्हीलवरची दात्यांची रिंगही तेव्हाच बघायची. या रिंगची झीज मजेशीर असते. इंजिन बंद होताना शेवटच्या कॉम्प्रेशनपाशी अडून थांबतं, त्यामुळे चार सिलिंडरचं इंजिन दर वेळी दोनच जागांपैकी एकीवर थांबतं आणि तीन सिलिंडरचं तीनपैकी एकीवर. सेल्फचं पिनियन आयुष्यभर त्याच दोन-तीन जागी दात मारत राहतं. बाकीची रिंग नव्यासारखी. तेव्हा सेल्फ एकदा लागला आणि एकदा नुसता किर्र करून फिरला, तर "सेल्फ बदलला की झालं" यावर मान डोलवू नका. पंधरा-वीस वेळा बंद-चालू करून बघा.

चालू करण्यावरून आठवलं. बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला एकच विनंती करायची: आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर नाही, एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर ठेवायचा. तो कोमट लागला तर कुणीतरी आधीच इंजिन गरम करून ठेवलंय, आणि तसं करायला काहीतरी कारण असणार. थंड इंजिन खोटं बोलत नाही. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर माफ असतो. पण गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर एखादा नोझल नीट फवारत नाही, कॉम्प्रेशन कमी पडतंय किंवा पाणी जळतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि कधी कधी नुसता एअर फिल्टर साफ केला की तो जातोही.

धुराला लोक फार घाबरतात. खरं तर धूर हा सगळ्यांत प्रामाणिक दोष, आपण होऊन दिसणारा. त्याहून बोलकी खूण ऑइल भरायच्या तोंडाशी असते. इंजिन चालू असताना तिथलं झाकण काढून उलटं, नुसतं टेकवून ठेवा. ते जरासं थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा भोकातून धुराचे झोत निघायला लागले तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजलेत, जळालेला वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोय. का झिजले हे बघायचं तर एअर क्लीनर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला रबरी पाइप सोडा आणि आतून बोट फिरवा. बोट स्वच्छ निघायला हवं. मातीचा थर आला तर इंजिनने वर्षानुवर्षं धूळ खाल्ली आहे. धूळ आणि ऑइल मिळून घासायची पेस्टच होते. पाइपला जेमतेम दिसणारी चीर, सुटलेली क्लिप किंवा ऑइल-बाथ फिल्टरच्या वाटीत खुणेपर्यंत न भरलेलं ऑइल, एवढ्यावर इंजिनं संपतात.

पण इंजिनचं काम निघालं म्हणून पळून जायची गरज नाही. तीन सिलिंडरच्या साध्या इंजिनचं सामान हातावर मोजता येतं: तीन लायनर, तीन पिस्टन रिंगांसकट, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या तीन जोड्या, मेन बेअरिंगच्या सहसा चार जोड्या, गॅस्केटचा संच. क्रँक मोजून घ्यायचा आणि लागला तर घासायचा. बेअरिंगं इंचाच्या १०, २०, ३० हजारांश कमी मापात मिळतात. क्रँक आधीच ३० वर गेलेला असेल तर मात्र पुढच्या खेपेला जागा उरत नाही. बाकी खर्च आधी ठरतो, काम किती दिवसांचं ते कळतं आणि बांधलेलं इंजिन पुन्हा बरीच वर्षं चालतं.

डिपस्टिकवर मात्र वेळ घालवा. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल तर त्यात पाणी आहे: हेड गॅस्केट, लायनरच्या तळाच्या रबरी रिंगा किंवा तडकलेला ब्लॉक. यातलं पहिलं सोसण्यासारखं, दुसरं खर्चाचं, तिसरं नमस्कार करून निघण्यासारखं. पातळी खुणेच्या वर गेलेली असणं हीसुद्धा चांगली बातमी नाही. ऑइल आपण होऊन वाढत नाही. डिझेल किंवा पाणी त्यात उतरत असतं. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा ऑइलचा ड्रेन प्लग सकाळी अगदी थोडा ढिला केला की पाणी असल्यास तेच आधी येतं, कारण ते जड म्हणून तळाला बसतं. गिअरबॉक्सलाही हीच युक्ती लावा. त्याच्या प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरची करडी पेस्ट वयाची समजावी. तुकडे दिसले तर दात तुटलेत. उतारावर पाय काढताच गिअर निसटत असेल तर दोष वरच्या झाकणाखालच्या स्प्रिंगचा असू शकतो किंवा आतल्या झिजलेल्या दात्यांचा. लक्षण एक, खोली दोन. विकणारा अर्थातच स्प्रिंग म्हणतो.

डिझेल पंपाबद्दल थोडं सविस्तर, कारण हा बाहेर बोल्टने लावलेला असूनही स्वभावाने खोल दोष आहे. काढायला तासभर, पण दुरुस्ती फक्त टेस्ट बेंचवर. रोटरी पंपाला वंगण असतं ते खुद्द डिझेलचंच, त्यामुळे डिझेलमधलं पाणी आणि कचरा त्याला आतून खातो. झिजलेल्या रोटरी पंपाची खोड अशी: सकाळी पटकन चालू होतो, दिवसभर चालतो, जेवणाच्या सुट्टीत बंद केला की परत लागत नाही. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून निसटतं आणि सेल्फच्या मंद फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाब बनत नाही. अशा वेळी बंद इंजिनच्या पंपावर ओलं फडकं टाकून तो निववायचा. मग लगेच लागला तर दोष पंपात. थंड चालू करून समाधान मानणाऱ्याला हे कधीच कळत नाही, म्हणून अर्धा तास राबवून, बंद करून, वीस मिनिटं गप्पा मारून पुन्हा चालू करा.

हायड्रॉलिकही गरमच तपासायचं. मागे जड अवजार लावा, ते वर उचला, इंजिन बंद करा आणि जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा. दहा मिनिटांत बोटभर उतरलं तर चालेल. डोळ्यांदेखत खाली आलं तर आतली सीलं गेलीत. इंजिन चालू असताना लिफ्टचे हात उचकी लागल्यासारखे वर-खाली होत असतील तरी तेच, आतून गळतंय आणि व्हॉल्व्ह ते पुन:पुन्हा भरून काढतोय. थंड तेलावर झटकन उचलून गरम झाल्यावर दमणारा पंप झिजलेला असतो, आणि फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत तो मधल्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो. एक उलटी गंमतही आहे. १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये हा पंप पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या, शाफ्टवरच फिरतो. पीटीओचा दांडा टाकलेला नसेल तर लिफ्ट ढिम्म हलत नाही. "लिफ्ट गेलीय" म्हणून पडून राहिलेल्या ट्रॅक्टरजवळ गेल्यावर आधी तो दांडा बघावा.

पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली आणि पुढे-मागे हलवली की किंगपिन, बेअरिंग, टाय रॉड सगळे बोलतात. हे खर्च उथळ असतात. डाव्या-उजव्या ब्रेकची जोडपट्टी सोडून एकेक वेगळा दाबा. टायर मात्र नीट बघा. दोष डोळ्यांसमोर असतो आणि तरी हिशेबातून सुटतो. मागचे दोन नवे टायर जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीचा मोठा घास घेतात. बाजूच्या भिंतीला चिरा आहेत का, आणि व्हॉल्व्हभोवती रिम गंजलीय का? वजनासाठी टायरात पाणी भरतात, थंडीत ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, आणि ते झिरपलं की रिम पापडासारखी होते.

नवा रंग दिसला की संशय घ्यायचा. रंगाला विरोध नाही. रबरी पाइपांवर, बोल्टांच्या माथ्यावर आणि ग्रीस निपलवर चढलेल्या रंगाला आहे. निपल रंगाने बुजलंय म्हणजे रंग दिल्यापासून तिथे ग्रीस गेलेलं नाही.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रॅक्टराचा सायलेन्सर आधी बघा. तो आभाळाकडे तोंड करून उघडा असेल तर पावसाचं पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या सिलिंडरमध्ये थेट उतरलेलं असतं. एक पालथा डबा इंजिन वाचवतो. जाम इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सोडवायला जाऊ नये, कनेक्टिंग रॉड वाकतात. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल ओतायचं, काही दिवस थांबायचं आणि फ्लायव्हीलला पहारीने मागे-पुढे हलकेच झुलवायचं. सुटल्यावर पहिल्यांदा चालू करताना हवेचं तोंड झाकायला जाड फळी हाताशी ठेवा. उभं राहून पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, अडकलेली असेल तर इंजिन बेफाम फिरत सुटतं आणि स्विचने थांबत नाही. तळहाताने तोंड झाकायला जाऊ नका, फळीनेच झाका.

हे सगळं बघून झालं की एका कागदावर दोष लिहा आणि प्रत्येकापुढे खर्चाच्या आधी तिथे पोचायला काय काय सोडावं लागेल ते लिहा. ज्यांची वाट एक, ते दोष एकच समजा. आलेली बेरीज त्याच मॉडेलच्या चालत्या, कामावरच्या ट्रॅक्टरच्या किमतीशी ताडून बघा, आणि उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी वर तिसरा हिस्सा ठेवा. तो उरत नाही. सामान मिळतं का हे सौद्याआधीच विचारा. मॅसी फर्ग्युसन ३५ किंवा १३५ यांच्यातलं पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन जगभर इतकं पसरलं की त्याच्या रिंगा अजून सहज मिळतात. ज्या ट्रॅक्टरचं नाव सामान विकणाऱ्याला दोनदा सांगावं लागतं, तो कितीही स्वस्त असो, मला तरी नको वाटतो.

घ्यायचा ठरलाच तर पहिल्या दिवशी सगळी तेलं आणि फिल्टर बदला. पीटीओवरचं झाकण परत बसवा. न्यूट्रलचा स्विच (गिअर पडलेला असताना सेल्फ लागू न देणारा) वायर जोडून निकामी केलेला असेल तर तो आधी दुरुस्त करा, कारण गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर जमिनीवरून चालू केला की तो चालवणाऱ्यावरच येतो. तासांचं मीटर बहुधा बंदच असेल. हत्यारांच्या पेटीत एक वही टाका आणि शून्यापासून लिहायला लागा.