तुम्ही विचारलंत म्हणून: घरात तानपुरा खरा कधी वाटेल?

“घरच्या स्पीकरवर तबला-तानपुरा समोर बसून वाजवल्यासारखा वाटायला हवा असेल, तर काय घेऊ आणि किती पैसे घालू?” गाणं ऐकणारी मंडळी मला हे सतत विचारतात. पैशांचं शेवटी बोलू. आधी मला सांगा, माइकशिवाय, अगदी जवळून तानपुरा तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?

हे विचारतो, कारण सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात ऐकलेला तबलासुद्धा स्पीकरमधूनच आलेला असतो. तो कितीही सुंदर लागला तरी आपलं माप तो नव्हे. एखाद्या घरगुती बैठकीत चार-पाच फुटांवर बसा. मिरजेला गेलात तर सतारमेकरांच्या दुकानात जवारी, म्हणजे तारेचा झंकार खुलवणारी जुळणी, लावताना थोडं थांबा. घोडीवरचा (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवरचा) दोरा केसभर सरकला की बोथट तार एकदम खुलते, आणि तो फरक कानात बसला की तुम्हाला कुणी फसवू शकत नाही.

त्या खुलण्यामागे घोडीचा किंचित गोलसर माथा आहे. कंप पावणारी तार त्याला हलकीच घासत राहते. छेडण्याच्या जागेचा विचार करता जे वरचे स्वरांश (मूळ स्वराच्या पटीतले बारीक स्वर) उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या) तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची, तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. तिचा पाचवा स्वरांश ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि तोच आपला स्वयंभू गंधार, म्हणजे तार न लावताही आपोआप ऐकू येणारा ‘ग’. म्हणून लहान स्पीकरवरही गंधार ऐकू येतो, आणि मूळ खर्ज फारसा वाजत नसला तरी वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो ओळखून घेतो. हरवतं ते खर्जाचं वजन, आणि पार वर, काही हजार हर्ट्झवर असलेली जवारीची झिलई.

आता पहिला उपाय, आणि तो फुकट आहे: आवाज नेमका लावा. खरा तानपुरा हळू बोलतो. तो चालू असताना शेजारच्याशी साध्या आवाजात गप्पा होतात. घरोघरी तो याच्या कितीतरी मोठा लावलेला असतो, आणि मग जवारी कानाला टोचते. पण फार खाली आणूनही चालत नाही. आवाज कमी झाला की आपल्या कानाला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. तेव्हा गायकाचा गळा बैठकीतल्या त्या चार-पाच फुटांवरून जेवढा मोठा लागेल, बरोबर तेवढ्यावर थांबा. माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

तबल्याचं दुखणं वेगळं. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावर वाजणारा, ‘ना’ क्षणात उसळतो. आवाज १० डेसिबलने वर जायला ॲम्प्लिफायरला दहापट वॅट द्यावे लागतात. एरवी दोन वॅटवर निवांत चाललेलं गाणं त्या एका ठोक्याला वीस मागतं. ते मिळाले नाहीत तर ‘ना’चं टोक बोथट होतं, आणि तबला उशीवर वाजवल्यासारखा वाटतो.

सगळ्यात जास्त नासधूस मात्र खोली करते. आपल्याकडे खाली गुळगुळीत फरशी, चारही बाजूंना गिलावा. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे ‘टर्र’ असा शेपटा आला, तर तोच शेपटा प्रत्येक ‘ना’लाही लागणार. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी तो बराच आवरतो. खालचे स्वर असे आवरत नाहीत. दहा फुटी खोलीत ५६ हर्ट्झच्या जवळपास एक स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि त्याच्या पटीतले वरचेही. याची उत्तम परीक्षा डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा डावा, घेतो. वादक मनगटाने दाबत मींड (न तुटता सरकणारा सूर) काढतो, तेव्हा आवाज सलग चढायला हवा. वाटेत एखादीच जागा एकदम गरजली, तर तो गुण वादकाचा नाही, तुमच्या भिंतींचा आहे. स्पीकर कोपऱ्यातून काढा, भिंतीपासून दोन फूट पुढे आणा, पुन्हा तीच मींड ऐका. तुम्ही जमिनीवर बसून ऐकत असाल, तर स्पीकरही खाली आणा. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा स्पीकर, कानाच्या पातळीत हवा.

एक गोष्ट कितीही खर्च करून साधत नाही. तानपुरा भोपळ्यातून, त्यावरच्या लाकडी तबलीतून, सगळ्या अंगाने खोलीभर बोलतो. स्पीकरची दोन खोकी तुमच्याकडे तोंड करून बोलतात. त्यामुळे डोळे मिटून ‘वाद्य इथेच आहे’ असं क्षणभर वाटेल, पण उठून त्याच्याभोवती फिरता येणार नाही. जवारी, ठोक्याची धार आणि खरा आवाज एवढं साधलं तर मी तृप्त असतो.

आता पैसे. निम्म्याहून जास्त स्पीकरवर, उरलेले ॲम्प्लिफायरवर. केबलला साधी जाड तांब्याची तार पुरते, महागड्या केबलचा मोह टाळा. दुकानात जाताना आपल्या ओळखीचं रेकॉर्डिंग न्या, ज्यात सुरुवातीला नुसते तानपुरे आहेत आणि पुढे डग्गा मोकळा बोलतो. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून पारख करू नका. त्यांत तानपुरा जेमतेमच उतरलेला असतो. दुकानदार बहुधा आवाज वाढवून दाखवेल. त्याला तो कमी करायला सांगा, तानपुऱ्याच्या खऱ्या आवाजाइतका, आणि मग निदान पंधरा मिनिटं बसून ऐका.