लिनक्सवर आवाज येईपर्यंत

आवाज येत नाही याचा त्रास कमी, पडद्यावर सगळं ठीक दिसतं याचा जास्त. नव्याने लिनक्स टाकलं, व्हिडिओ लावला. आवाजाची पट्टी मस्त नाचतेय आणि स्पीकर मुके. पावूकंट्रोल, म्हणजे कुठला आवाज कुठे जातोय ते दाखवणारं अ‍ॅप, उघडून पाहिलं तर आवाज एचडीएमआयवरून मॉनिटरकडे चालला होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! आउटपुट बदललं, प्रश्न मिटला.

हेडफोन मात्र गप्पच. शोधल्यावर सापडले ते बहुतेक जुने सल्ले: पल्सऑडिओ (सगळ्या अ‍ॅप्सचा आवाज सांभाळणारा सर्व्हर) काढा, पुन्हा टाका. हे आता धोक्याचं आहे. फेडोरा या लिनक्सने २०२१ साली, ३४व्या आवृत्तीत, त्याच्या जागी पाइपवायर हा नवा सर्व्हर आणला; उबुंटूने २२.१० या आवृत्तीत. जुने आदेश त्यावरही चालतात, त्यामुळे बदल झालाय हे कळतच नाही. टर्मिनलमध्ये 'पीएसीटीएल इन्फो' (pactl info) हा आदेश दिला की सर्व्हरच्या नावात 'ऑन पाइपवायर' दिसतं. कुठलाही सल्ला ऐकण्याआधी ही ओळ बघाच.

खरी गोम त्याच्याही खाली होती. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, अल्सा या साउंडकार्ड चालवणाऱ्या थराचे स्वतःचे वेगळे आवाज-नियंत्रक असतात. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडलं, एफ६ दाबून साउंडकार्ड निवडलं, तर हेडफोनच्या पट्टीखाली 'एमएम', म्हणजे म्यूट. 'एम' दाबलं, 'ओओ' झालं, आवाज आला. वरच्या सेटिंग्जमध्ये याचा मागमूस नव्हता. एका थराने दुसऱ्याचं म्यूट लपवावं, हे मला अजिबात पटत नाही. नवखा माणूस इथेच लिनक्स सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ब्लूटूथची गोष्ट वेगळी. कॉल सुरू झाला की त्याच हेडफोनमधून बोलणं विहिरीतून आल्यासारखं यायचं. यात लिनक्सचा दोष नाही. प्रोफाइल म्हणजे ब्लूटूथची आवाज पाठवायची पद्धत; चांगला स्टीरिओ देणारं एटूडीपी प्रोफाइल आवाज एकाच दिशेने पाठवतं. हेडफोनचा माइक हवा असेल तर एचएफपी या कॉलसाठीच्या प्रोफाइलवर यावं लागतं, आणि तिथे एमएसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची रीत) असला तरी १६ किलोहर्ट्झ मोनोच मिळतो. म्हणून मी इनपुटला लॅपटॉपचा माइक दिला आणि हेडफोन एटूडीपीवरच ठेवला. आता कॉलमध्येही समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो.

राहिली मधूनच होणारी करकर. पाइपवायरचं काम दाखवणाऱ्या पीडब्ल्यू-टॉपमध्ये (pw-top) 'ईआरआर'चा, म्हणजे चुकांचा, आकडा वाढत होता, म्हणजे डेटा वेळेत पोचत नव्हता. क्वांटम, म्हणजे एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या आवाजाच्या नमुन्यांचा आकडा, १०२४वरून २०४८ केला. ४८ किलोहर्ट्झला त्याने साधारण ४३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. गाणी ऐकायला चालतो, वाद्य रेकॉर्ड करायला नाही.