भोगीच्या आदल्या रात्री

आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा सुरू झाली. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक झाला, उद्या संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, परवा होम. घरी शेंगापोळ्यांचा, म्हणजे शेंगदाणे-गुळाच्या पोळ्यांचा, डबा भरलाय. आणि माझी साखर काठावर आहे, असं डॉक्टरांनी दिवाळीनंतरच सांगितलंय.

आई म्हणते, "मन घट्ट कर." मला हा उपाय पटत नाही. होम मैदानावर कढईतली जिलेबी समोर निघताना दिसली की मन घट्ट करायला ते जागेवर असावं लागतं ना! जे काही ठरवायचं ते आत्ताच, पोट भरलेलं असताना.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली हेच मांडलं. 'गोड कमी करीन' एवढ्यावर भागत नाही. 'अमुक झालं तर मी तमुक करीन' असं ठरवलं तर ते जास्त पार पडतं. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही हा फरक चांगलाच दिसला. प्रसंग आला की ठरलेली कृती आपसूक आठवते, तिथल्या तिथे स्वतःशी वाद घालावा लागत नाही. मला हे फार दिलाशाचं वाटतं.

मग माझं ठरलं ते असं. उद्या तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी पोटभर खाऊनच बाहेर पडायचं. संध्याकाळी मैत्रिणी जिलेबीकडे वळल्या, तर मी पाळण्याची तिकिटं काढायला जाणार. तसं त्यांना आजच फोनवर सांगून टाकलं. शेंगापोळी मात्र सोडणार नाही. सोलापुरात राहून संक्रांतीला शेंगापोळी नाही, हे मला मान्यच नाही! एक पोळी, दुपारच्या जेवणात, भाकरीऐवजी, वर तूप. डबा वहिनीच्या ताब्यात.

तिळगुळाचं कोडं सुटायला वेळ लागला. मोठ्या माणसांनी प्रेमाने हातावर ठेवलेला तिळगूळ परत कसा करायचा? तर कुणी दिला की चिमूटभर तोंडात टाकायचा, नमस्कार करायचा आणि उरलेला डबीत. डबी पर्समध्ये ठेवली आहे. भाच्यांना कळवलंय, ती रोज रात्री रिकामी करायचं काम त्यांचं.