चेंबर नवं, गळती जुनीच

चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेला ऑइलचा पत्र्याचा डबा, बदलल्यावरही ऑइल ठिबकतंय असं सांगितलं, की बहुतेक गॅरेजवाले एकच उपाय करतात. गाडीखाली शिरतात आणि बोल्ट आणखी आवळतात. माझ्या गाडीचंही तेच झालं. पानशेत रस्त्यावर दगडाला घासून चेंबर चेपलं, भेग पडली. नवं बसवून घेतलं, तरी पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर काळा डाग पडतच राहिला. परत नेली तर पोरगा म्हणाला, "काका, टाइट करून देतो, पॅकिंग बसायला वेळ लागतो." टाइट केल्यावर डाग वाढला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी पाटी लावली. पाटीवर माझं नाव नव्हतं, फक्त पार्किंगचा नंबर होता.

भोसरीत टूलरूममध्ये नोकरी केलेल्या माणसानं हे किती सोसायचं? शेवटी गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड लावले आणि स्वतःच आत सरकलो. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. वीट लावूनही नाही.)

खाली गेल्यावर लगेच पान्हा हातात घ्यायचा नसतो. ऑइल वरून ओघळत येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे ढकललं जातं. त्यामुळे थेंब पडतो ती जागा फसवी असते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा सापडायला हवी, आणि आधीच सगळं ओलं असेल तर ती सापडत नाही. म्हणून इंजिन गार असताना डिझेल आणि जुन्या ब्रशनं खालचा सगळा भाग धुतला, पुसून कोरडा केला, आणि वर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर फवारली. घरातला डबा अर्धा संपला म्हणून बोलणी खाल्ली, ते वेगळं. मग कर्वेनगरहून चांदणी चौकापर्यंत गाडी फिरवून आणली आणि बॅटरी घेऊन पुन्हा खाली गेलो.

पांढऱ्या पावडरीत दोन ओघळ स्वच्छ दिसले. एक चेंबरच्या पुढच्या कोपऱ्यातून निघालेला. दुसऱ्याचा चेंबरशी काही संबंधच नव्हता. तो वरून येत होता, ऑइल प्रेशर स्विचच्या (ऑइलचा दाब कमी झाला की मीटरमधला दिवा लावणाऱ्या स्विचच्या) आट्यांमधून. तिथून ब्लॉकवरून घसरत चेंबरच्या कडेवर यायचा आणि तिथून खाली पडायचा. म्हणजे चेंबरचे बोल्ट जन्मभर आवळले असते तरी हे थांबलं नसतं.

स्विचचं काम किरकोळ. नाना पेठेत नवा मिळाला. फक्त एक सांगतो: एका वायरीचा स्विच असेल तर त्याला अर्थिंग आट्यांमधूनच मिळतं. टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे मारले तर मीटरमधला ऑइलचा दिवा लागणारच नाही, शिवाय टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेत जाऊ शकतात. आट्यांना सीलंटचं बोट लावायचं, पुरे.

चेंबरला मात्र वेळ द्यावा लागला. ऑइल काढलं, सायलेन्सरचा पुढचा पाइप आडवा येत होता तो सोडवला, आणि चेंबर खाली घेतलं. आत सिलिकॉनच्या, म्हणजे कड चिकटवायला लावलेल्या सीलंटच्या, दोऱ्या लोंबत होत्या. बाहेर जेवढा मसाला पिळून निघालेला दिसतो, साधारण तेवढाच आतही निघालेला असतो. तो तुटून स्ट्रेनरच्या जाळीत अडकला, तर पंपाला ऑइल कमी पडतं आणि बेअरिंग जातात. जाळीवर दोन-चार तुकडे होतेच, चिमट्यानं काढले.

मग कड तपासली. घरात सरफेस प्लेट (सपाटपणा तपासायची अचूक सपाट लादी) नाही, आणि किचनच्या ओट्याला हात लावायची मला परवानगी नाही. टीपॉयची जाड काच काढली, त्यावर चेंबर पालथं ठेवलं आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) फिरवला. अपेक्षेप्रमाणे प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा आवळून आवळून वर ओढला गेला होता. भोकापाशी कड टेकते आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. ऑइलला तेवढी फट पुरते. भोकं लाकडी ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीनं हळूहळू बसवली आणि काचेवर गेज कुठेच शिरेनासा होईपर्यंत हेच करत राहिलो.

ब्लॉकची कड अॅल्युमिनियमची. तिथे ग्राइंडरवरचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नको. ओरखडे पडतात ते एक, आणि घासलेली बारीक पूड इंजिनात जाते ते त्याहून वाईट. प्लास्टिकची पट्टी आणि धीर, एवढंच वापरायचं. अजून एक गोष्ट गॅरेजमधल्या घाईत राहून जाते. चेंबर काढल्यावरही वरून ऑइल कितीतरी वेळ टिपकत राहतं. कड पुसावी आणि सिलिकॉन लावेपर्यंत ती पुन्हा ओली व्हावी, आणि ओल्या कडेवर कुठलंही सिलिकॉन धरत नाही. मी खाली ट्रे ठेवून रात्रभर निथळू दिलं. सकाळी ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडकं.

माझ्या चेंबरला रबरी पॅकिंग नाही, फक्त सिलिकॉन. (रबरी पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसवतात. सिलिकॉन फासलं की आवळताना पॅकिंग सरकून बाहेर येतं.) अंदाजे ३ मिलिमीटरची अखंड रेघ, भोकांच्या आतल्या बाजूनं. ब्लॉक आणि टायमिंग कव्हर (इंजिनाचं पुढचं झाकण) जिथे भेटतात त्या कोपऱ्यात जरा जास्त, कारण पहिला ओघळ तिथूनच होता. दोन भागांमधल्या त्या बारीक पायरीवर पातळ रेघ पुरत नाही. रेघेवर साय धरायच्या आत चेंबर वर चढवायचं. आधी सगळे बोल्ट हातानं, मग मधून कडांकडे, आलटून पालटून. ६ मिलिमीटरच्या या बोल्टांना साधारण १० न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) असतो, नक्की आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. लांब दांड्याच्या पान्ह्याला लटकणाऱ्यांना १० म्हणजे किती कमी, ते टॉर्क रेंच एकदा हातात धरल्याशिवाय कळत नाही. ड्रेन बोल्टला नवा वॉशर टाकला. जुना चपटा झालेला वॉशर परत लावून काही रुपये वाचतात आणि ऑइल जातं.

त्यानंतर २४ तास गाडीला हात लावला नाही. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं पिकतं, त्यामुळे जूनमधली दमट हवा यासाठी बरी. एप्रिलच्या कोरड्या पुण्यात जास्त थांबलेलं चांगलं. तासाभरात ऑइल भरून गाडी हातात देणारे गॅरेजवाले इथेच माती खातात.

या निमित्तानं इंजिनातला दाब बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप आणि त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्हही साफ केला. तो तुंबला की इंजिनात दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं, मग चेंबर कितीही नीट बसवलेलं असो. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजात दिलं, त्यांच्याकडचं जळकं ऑइल नेणारा माणूस येतो.

पुन्हा पावडर मारून चांदणी चौक करून आलो. चेंबरची कड कोरडी, स्विच कोरडा. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यात मात्र थोडी ओल दिसते, अजून ओघळ नाही. त्याचं पॅकिंग नाना पेठेतून स्विचबरोबरच आणून ठेवलंय, पुढच्या सर्व्हिसला बदलेन.