आयसीयूपासून भुलीच्या मशीनपर्यंत: सीआरएनए प्रवेशाची उलटी मोजणी

अमेरिकेत ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या नर्सला सीआरएनए म्हणतात, म्हणजे सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट. आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरांचंच काम. त्यामुळे महाराष्ट्रात नर्सिंग केलेल्यांना हा रस्ता बहुधा इथे अमेरिकेत येऊन आयसीयूत ड्युटी करायला लागल्यावरच कळतो. मग पहिला प्रश्न येतो, 'फॉर्म कधी भरायचा?' या सगळ्यातून गेल्यावर मी उलटा प्रश्न विचारते: वर्ग कधीपासून सुरू व्हायला हवेत? इथे जवळजवळ प्रत्येक कागदाला मुदत असते, आणि त्या मुदती एकमेकींत बसवण्यातच अर्धी मेहनत जाते.

आधी ठरलेल्या गोष्टी. 1 जानेवारी 2022 पासून या शिक्षणात नवीन प्रवेश फक्त डॉक्टरेट पातळीवर होतात. पदवी डीएनपी (नर्सिंग प्रॅक्टिसमधली डॉक्टरेट) किंवा डीएनएपी (भूल देण्याच्या नर्सिंगमधली डॉक्टरेट), कालावधी किमान 36 महिने. लागतं काय, तर बीएससी नर्सिंगच्या तोडीची पदवी, चालू आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स आणि पूर्णवेळ आयसीयूचं किमान एक वर्ष. ते एक वर्ष नियमापुरतं. स्पर्धा बघता दोन-तीन वर्षं धरूनच चाला. अर्ज वर्ग सुरू होण्याच्या साधारण वर्षभर आधी जातात. म्हणजे ऑगस्ट 2028 चा वर्ग डोळ्यांसमोर असेल, तर 2027 च्या उन्हाळ्यात सगळी फाइल तयार हवी आणि आयसीयू 2025 च्या आसपास सुरू झालेलं हवं.

भारतातून आलेल्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. पुण्या-मुंबईच्या आयसीयूत काढलेली पाच वर्षं या अटीत मोजली जात नाहीत. मान्यता देणाऱ्या कौन्सिलच्या व्याख्येप्रमाणे हा अनुभव अमेरिकेतला, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशातला किंवा परदेशातल्या अमेरिकी लष्करी हॉस्पिटलमधला लागतो. तिकडची वर्षं वाया जात नाहीत, मुलाखतीत उपयोगी पडतात. पण घड्याळ इथल्या पहिल्या आयसीयू ड्युटीपासून सुरू होतं. म्हणून इथली पहिली नोकरी मेड-सर्जला, म्हणजे साध्या वॉर्डात, मिळत असेल, तर आयसीयूत बदली कधी मिळू शकते ते करार करतानाच विचारा. एजन्सीमार्फत येणाऱ्यांचा करार दोन-तीन वर्षांचा असतो आणि मधेच सोडला तर दंड भरावा लागतो.

आयसीयू कोणतं, यालाही वजन आहे. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, सेंट्रल लाइन किंवा स्वान (धमनीत, मोठ्या शिरेत किंवा हृदयातून पुढे घातलेल्या नळ्या), रक्तदाब सांभाळणाऱ्या ड्रिप्स, हृदयाला आधार देणारी यंत्रं यांपैकी काहीतरी रोज हाताखाली असलं पाहिजे. कार्डिओव्हॅस्क्युलर आणि सर्जिकल आयसीयू पहिल्या पसंतीचे. मोठ्या हॉस्पिटलचं मेडिकल आयसीयूही चांगलं. इमर्जन्सी, रिकव्हरी किंवा कॅथ लॅबचा अनुभव काही शाळा घेतात, बऱ्याच घेत नाहीत. नुसतं 'आयसीयू' नाव असलेलं, पण गंभीर रुग्ण दुसरीकडे पाठवणारं छोटं युनिट मुलाखतीत दहा मिनिटांत उघडं पडतं.

आता कागदपत्रं. एमयूएचएसची (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक) बीएससी असेल तर गुणपत्रिका थेट नाशिकहून परदेशी पदवी तपासणाऱ्या मूल्यांकन संस्थेकडे जाते, आणि लायसन्सची पडताळणी थेट महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून. तुमच्या हातातलं पाकीट, कितीही सीलबंद असो, चालत नाही. नुसतं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असेल तर आधी पोस्ट बेसिक बीएससी किंवा इथला आरएन ते बीएसएन (इथली नर्सिंग पदवी) कोर्स करावा लागतो. मूल्यांकन 'कोर्सनिहाय' मागवा. फक्त पदवीची समकक्षता सांगणारा स्वस्त अहवाल घेतला तर जीपीए (ग्रेडची सरासरी) निघत नाही, आणि बऱ्याच शाळांची किमान 3.0 जीपीएची अट दाखवायला तोच लागतो.

नावाचा घोळ मात्र खास आपला. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर मधलं आणि शेवटचं दोन्ही बदललेलं, कुणाचं तर पहिलंही. इथल्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. एनक्लेक्सच्या (इथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा) वेळी परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे अनेकींना माहीत असतं. पण तोच फरक पुढे सीसीआरएन (गंभीर रुग्णांच्या नर्सिंगचं प्रमाणपत्र), मूल्यांकन आणि नर्सिंगकॅसच्या (अनेक शाळांचा सामाईक ऑनलाइन अर्ज) अर्जात पुन्हा आडवा येतो. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा, विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत आणि दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र एकदाच करून ठेवा.

विज्ञानाचे विषय जुने झाले असतील तर पुन्हा करावे लागतात. बऱ्याच शाळांना केमिस्ट्री, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स पाच ते दहा वर्षांच्या आतलं लागतं. कम्युनिटी कॉलेजात एकेक विषय घेणं स्वस्त पडतं, आणि इथल्या पद्धतीचा ताजा 'ए' गुणपत्रिकेवर दिसतो. माझ्या मते परदेशी पदवी असणाऱ्यांनी मुदत उरली असली तरी एक ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री करावीच. तिकडच्या टक्केवारीवर समितीचा जितका विश्वास बसत नाही, तितका या एका ग्रेडवर बसतो. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा सगळीकडे लागत नाही. लागत असेल तर गुण पाच वर्षं टिकतात.

सीसीआरएन प्रमाणपत्रासाठी मागच्या दोन वर्षांत 1,750 तास लागतात, त्यांतले 875 शेवटच्या वर्षात. आठवड्याला बारा तासांच्या तीन ड्युट्या, म्हणजे 36 तास धरले तर वर्षभरात बसता येतं. पेपर 150 प्रश्नांचा, तीन तासांचा. त्यातले 25 प्रश्न मोजत नाहीत, पण कोणते ते कळत नाही. काही शाळा हे 'असल्यास उत्तम' म्हणतात. तुम्ही ते 'लागतंच' असं वाचा.

सीआरएनएसोबत एक-दोन दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये थांबायचं, त्याला शॅडोइंग म्हणतात. स्वतःच्याच हॉस्पिटलच्या अ‍ॅनेस्थेशिया विभागाला विचारलेलं बरं. बाहेरच्यांना परवानगी मिळणं अवघड. नुसती सही घेऊन येऊ नका. सकाळी मशीनची तपासणी कशी होते, सक्शन आणि अम्बू बॅग आधी का पाहतात, इंडक्शननंतर (भूल चढवल्यावर) रक्तदाब पडला तेव्हा कोणतं औषध निवडलं आणि का, हे लिहून आणा. शिफारसपत्रांपैकी एक नर्स मॅनेजरचं असतंच; तिला दोन महिने आधी सांगा.

खरी निवड होते मुलाखतीत. काही ठिकाणी नुसत्या गप्पा असतात, पण क्लिनिकल मुलाखत असली तर पाठांतर उपयोगी पडत नाही. नॉरएपिनेफ्रिन कोणत्या रिसेप्टरवर काम करतं हे सगळ्यांना येतं. फेनिलेफ्रिन दिल्यावर नाडी का मंदावते, इथपासून गाळण सुरू होते. (ते फक्त रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फा-1 रिसेप्टरवर चालतं, दाब वाढला की तो ओळखणारे बॅरोरिसेप्टर नाडी खाली आणतात.) मग एखादा रुग्ण समोर ठेवतात. बायपासनंतर सहा तास झाले, एमएपी (सरासरी रक्तदाब) 54, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) 18, कार्डिअ‍ॅक आउटपुट (हृदय मिनिटाला ढकलतं ते रक्त) 2 लिटर, आणि आतापर्यंत भरभरून वाहणारा छातीतला ड्रेन अचानक थांबलेला. एसव्हीआर (रक्तवाहिन्यांचा रक्ताला होणारा विरोध) काढा म्हणतात: 54 वजा 18 म्हणजे 36, भागिले 2, गुणिले 80, म्हणजे 1,440. नेहमीची मर्यादा 800 ते 1,200. रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या आहेत, म्हणजे दाब पडण्याचं कारण तिथे नाही. सीव्हीपी चढलेला, ड्रेन बंद: हृदयाभोवती रक्त साठून ते भरूच शकत नाही, टॅम्पोनाड. उत्तर 'लेव्होफेड (म्हणजे नॉरएपिनेफ्रिन) वाढवीन' एवढंच दिलं की मुलाखत तिथेच निवते. सर्जनला बोलवा, इको मागवा, ड्रेनमधली गुठळी बघा, व्हॉल्यूम (शिरेतून द्रव) द्या, छाती पुन्हा उघडायची तयारी करा. पुढचा प्रश्न ठरलेला: या रुग्णाला भूल द्यायची तर प्रोपोफॉल चालेल का? तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि हृदयाचा जोरही कमी करतो. त्यावर व्हेंटिलेटरचा दाब हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो. या अवस्थेत तो नेहमीच्या डोसात दिला तर हृदय थांबू शकतं, म्हणून केटामिनकडे वळतात. आयसीयूत रोज हेच आकडे आपण तक्त्यात भरत असतो. ते भरताना प्रत्येक आकड्याला 'का' विचारायची सवय हीच तयारी. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि कसं शोधाल ते सांगा. ठोकून दिलेलं उत्तर भूल देणाऱ्याच्या हातात धोक्याचं असतं, आणि समोर बसलेले नेमकं तेच तपासत असतात.

पैशांचं गणित प्रवेश मिळाल्यावर नव्हे, आधी मांडा. तीन वर्षं नोकरी जवळपास अशक्यच, कारण वर्ग आणि क्लिनिकल मिळून आठवड्याचा भार चार आठवड्यांच्या सरासरीने 64 तासांपर्यंत जाऊ शकतो. सरकारी विद्यार्थी कर्ज ग्रीन कार्डवर मिळतं, एच-1बी किंवा एच-4 (त्यांच्या जोडीदाराचा) व्हिसावर मिळत नाही. शिवाय 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद झालंय, त्यामुळे पूर्ण फी आणि राहण्याचा खर्च सरकारी कर्जात बसेल हा जुना सल्ला आता ऐकू नका. आधीची दोन वर्षं ओव्हरटाइम करून साठवलेला पैसा खूप मोलाचा ठरतो.

प्रवेश पक्का झाल्यावर शेवटच्या तीन महिन्यांत पुस्तकं चाळण्याआधी तारखा बघा: बीएलएस, एसीएलएस, पीएएलएस ही जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाची कार्डं, लसींचे दाखले, टीबीची तपासणी. क्लिनिकलच्या मध्येच एखादं कार्ड संपलं तर ते नवं होईपर्यंत थिएटरमध्ये घेत नाहीत, आणि किमान 2,000 क्लिनिकल तासांतले ते बुडालेले दिवस नंतर भरून काढावे लागतात. वाचायचंच असेल तर ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम आणि वायूंचे नियम. पहिल्या सत्रात बऱ्याच जणी तिथेच अडखळतात. आणि महाराष्ट्रात परतायचा विचार असेल तर हेही आधीच माहीत असू द्या: तिथे या पदवीवर भूल देता येत नाही, त्या नावाचं पदच नाही.