तुम्ही विचारलंत म्हणून: एकत्र काम, मग कोर्टकज्जे कशाला?

लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीवर एकत्र काम करणाऱ्या कंपन्या एकमेकींना कोर्टात का खेचतात, असं बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर मेमरी कार्डावरच्या फाइलच्या नावात सापडतं.

फॅट ही कार्डावर फाइली मांडून ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत. तिच्यात मूळ नाव आठ अधिक तीन (फाइलच्या प्रकाराची) अक्षरांचं, ३२ बाइटच्या एका नोंदीत बसणारं. 'प्रवासाचा नकाशा' त्यात मावत नाही. काना, हलन्त, मोकळी जागा धरून त्याची १५ चिन्हं होतात आणि लांब नावाच्या नोंदीत १३च बसतात. म्हणजे दोन नोंदी त्या नावाच्या, तिसरी जुन्या यंत्रांसाठी छोट्या नावाची. एकूण ९६ बाइट. नावांची ही जोडी ठेवण्याच्या युक्तीवर मायक्रोसॉफ्टची पेटंटं होती.

फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं गाडीत रस्ता दाखवणारी, लिनक्सवर चालणारी यंत्रं बनवणाऱ्या टॉमटॉमवर दावा लावला. महिन्याभरात तडजोड झाली: टॉमटॉमनं पैसे मोजायचे आणि दोन वर्षांत ही सोय काढून टाकायची. पेटंट टिकतं की नाही, हे कोर्टानं ठरवलंच नाही. टांगती तलवार बाकीच्यांच्या डोक्यावर तशीच राहिली. तडजोडीचा खरा तोटा हाच. मग लिनक्ससाठी एक पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, पुढे आला: छोटं नाव लिहा किंवा लांब, दोन्ही नकोत. पण फक्त छोटं नाव वाचणारं जुनं यंत्र तिथे अडतं.

खटला नेहमीच वाया जातो असंही नाही. युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला २००४ मध्ये दिलेल्या आदेशावर २००७ मध्ये कोर्टानं शिक्कामोर्तब केलं, म्हणून तर लिनक्स आणि विंडोज यंत्रांना एकमेकांच्या फाइली वापरू देणाऱ्या सांबा या खुल्या प्रकल्पाला एकदाच १०,००० युरो भरून विंडोजच्या प्रोटोकॉलची (यंत्रांनी आपसात बोलण्याच्या नियमांची) कागदपत्रं मिळाली. नुसत्या विनंतीवर ती मिळाली नसती.

तरी आम्ही आधी ओपन इन्व्हेन्शन नेटवर्ककडे बघायला सांगतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा मूळ करार बिनपैशांचा होता: 'लिनक्स सिस्टीम'पुरती सभासदांनी एकमेकांवर पेटंटं चालवायची नाहीत. मायक्रोसॉफ्ट २०१८ मध्ये ६०,००० हून अधिक पेटंटं घेऊन आत आली. ऑगस्ट २०१९ मध्ये तिनं फॅटच्या पुढच्या पिढीचं, एक्सफॅटचं, तपशीलपत्रक खुलं केलं आणि २०२० च्या लिनक्स ५.७ मध्ये सॅमसंगचा एक्सफॅट ड्रायव्हर (ती पद्धत वाचणारा-लिहिणारा कोड) आला. दशकभर आधी ज्या घराण्याच्या फाइल पद्धतीवरून दावा लागला, तिथेच हे घडलं.

सही करण्याआधी 'लिनक्स सिस्टीम'मध्ये काय मोडतं ती संस्थेची पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या घटकांची) यादी उघडून तुमच्या उत्पादनातलं एकेक नाव ताडून बघा. यादीबाहेरच्या तुमच्या स्वतःच्या कोडला हे कवच नाही. आणि नुसती पेटंटं विकत घेऊन दावे लावणारा कुणी सभासदच नसेल, तर हा करार त्याला बांधत नाही.