किंग जॉर्ज आणि आमची गँग

काउबॉय हॅट घातलेला फोटो स्टेटसला ठेवला आणि लगेच मावसभावाचा मेसेज आला, "अमेरिकेत जाऊन गावठी गाणीच ऐकायची होती, तर राहुरी काय वाईट होती?" उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते.

गायकाचं नाव जॉर्ज स्ट्रेट, गातो ते 'कंट्री', म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत. टेक्सासमध्ये नुसतं 'किंग जॉर्ज' म्हटलं तरी पुरतं. १५ जून २०२४ ला तो आमच्याच टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डवर गायला आणि ऐकायला १,१०,९०५ माणसं होती. कॉलेज स्टेशन या आमच्या गावाची अख्खी लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत-बाहेर, त्यावरून अंदाज करा. तिकीट काढून झालेल्या एका कार्यक्रमाचा अमेरिकेतला आधीचा विक्रम १९७७ पासून ग्रेटफुल डेड या बँडच्या नावावर होता, तो त्या रात्री मोडला. त्याच दिवशी फ्लोरिडात भारत-कॅनडा टी-ट्वेंटी सामना होता आणि "मॅच सोडून कसली गाणी ऐकता?" असंही घरून ऐकून घेतलं. सामना एकही चेंडू न पडता रद्द झाला. मी फक्त नोंद करून ठेवते.

आम्ही इथे शेतीच शिकतो, त्यामुळे सुरुवात कापसाच्या प्लॉटवर झाली. टेक्सासमधल्याच लबक शहराकडचा, घरी कापसाचीच शेती असलेला एक लॅबमेट आम्हाला पिकअपमधून मातीचे नमुने घ्यायला न्यायचा आणि गाडीत कंट्रीशिवाय दुसरं काही लावूच द्यायचा नाही. पहिले काही आठवडे मी इअरफोन घालून बसायचे. मग एकदा बॅटरी संपली आणि जॉर्ज स्ट्रेटचं 'अमॅरिलो बाय मॉर्निंग' कानावर पडलं. आधी फिडल, म्हणजे व्हायोलिन, मग तो सरळ, कुठेही न ओरडणारा आवाज. रोडिओत बैलांवर-घोड्यांवर बसून पोट भरणारा एक माणूस रात्रभर प्रवास करतोय. हातातलं बरंच काही गेलंय, पण रडगाणं नाही. माझ्या शेजारी बसलेली वारंगळची रूममेट, तिचे वडीलही कापूसवालेच, म्हणाली, "परत लाव."

झालं. घरात नियम ठरला की भांड्यांची पाळी ज्याची, गाणं त्याचं, आणि सगळे एकाच माणसाची गाणी लावायला लागले. सोलापूरचा एक जण भांडी घासता घासता टेक्सन हेल काढून गायचा, अगदी भयंकर. वाद मात्र मनापासून व्हायचे. या माणसाची साठ गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि 'अमॅरिलो' चौथ्याच्या वर गेलं नाही, हा आमच्या घरात अजून अन्याय मानला जातो.

त्यात कळलं की त्याची पदवी शेतीची! लष्करातून परत आल्यावर तो सॅन मार्कोसच्या कॉलेजात शिकला, १९७९ मध्ये पदवीधर झाला. बँडसुद्धा तिथेच, कॉलेजच्या आवारात लागलेल्या एका पत्रकावरून जुळला. १९८१ मध्ये पहिलं गाणं गाजलं तरी 'एस इन द होल' या बँडचं नाव आजही तेच आहे. 'अ‍ॅग्री केलंस, म्हणजे आता एमपीएससी का?' हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना आमचा आनंद समजेल.

मग टेक्सासमधल्याच न्यू ब्राउनफेल्सच्या ग्रीन हॉलला गेलो, तो सुरुवातीच्या दिवसांत जिथे गायचा तिथे. १८७८ चा लाकडी हॉल, वर पत्रा, एसी नाही, बाजूच्या झडपा उघडलेल्या. आत टू-स्टेप या जोडीनं करायच्या नाचाची धूम चाललेली: दोन पावलं झपझप, दोन सावकाश, आणि सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारी. उलटी प्रदक्षिणाच! माझे पाय आपोआप दुसरीकडे वळत होते. बाहेरून वेगवान जोडपी, आत हळू चालणारी, आणि मध्येच कुणी थांबायचं नाही. खळ घातलेल्या कडक जीन्समधले ऐंशीच्या घरातले आजोबा आणि एकोणीस वर्षांची पोरं एकाच गाण्यावर, एकाच फरशीवर. आम्ही कडेला उभ्या, तर एक आजी "कम ऑन, हनी" म्हणत आल्या आणि सरळ माझा हात धरून मला आत घेऊन गेल्या. मी त्यांच्या बुटांवर किती वेळा पाय दिला ते विचारू नका. त्या मोजत राहिल्या, क्विक-क्विक, स्लो, स्लो. गाणं संपल्यावर मला त्यांनी त्यांच्या नवऱ्याकडे सोपवलं आणि त्या वारंगळकडे वळल्या.

आपल्याकडे डीजेची भिंत गल्लीत शिरली की म्हातारी माणसं खिडक्या लावून घेतात. हो, मला माहीत आहे, लगेच कुणी तरी सप्ताहाचं नाव काढेल. खरंच आहे, आमच्या नेवासा तालुक्यात हरिनाम सप्ताहाला आजोबा आणि नातू शेजारी उभे राहून टाळ वाजवतात, पावलं टाकतात, आणि असा ताल या टेक्सनांना जमणार नाही. पण आमच्या गावात मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले. फार तर शेवटी फुगडी. मधल्या रांगेत मला हात धरून कुणी ओढलं नाही. म्हणून तो हॉल मला आवडला तर त्यात गावाचा अपमान होत नाही.

'ही गोऱ्यांची गाणी' हे टोमणे इथल्या देशी मुलांकडूनही मिळाले. पिकअप, मोठाले झेंडे, मलाही आधी बिचकायला व्हायचं. पण कर्ज, पाऊस, मोडलेला संसार आणि लांबचा रस्ता यावर गाणाऱ्याला परका कसं म्हणू?

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते, त्यामुळे डब्यातला चिवडा गाडीतच राहिला. बहात्तर वर्षांचा माणूस गिटार घेऊन उभा राहिला आणि जवळजवळ जागचा न हलता गायला. नाच नाही, उड्या नाहीत. 'अमॅरिलो'चं फिडल सुरू झालं आणि सोलापूरकराचा हेल पुढच्या रांगेतल्या टेक्सन काकांनी वळून ऐकला आणि हॅट उंचावली. ती दाद होती की समजूत, यावर घरात दोन मतं आहेत.

आम्हाला नादी लावणारा लॅबमेट मात्र आलाच नाही. त्याच्या भागातल्या लिटलफील्डचा वेलन जेनिंग्ज हाच खरा गायक, जॉर्ज स्ट्रेट फार गुळगुळीत, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून वारंगळ त्याच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसत नाही.